आयतोबा, बांडगूळ, बुणगे: दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्यांसाठीचे शब्द

ओसरी

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला मराठीत काय काय म्हणतात याची यादी करतेय. आयतोबा, ऐतखाऊ, फुकट्या, फुकटचंबू, भोजनभाऊ, बांडगूळ, जळू, गोचीड हे कुणालाही पटकन आठवतील. लेखी मराठीत परोपजीवी, परावलंबी, पराश्रयी, आश्रित. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात परजीवी, परपोषी, मृतोपजीवी. घरोघरी बोलताना 'खायला काळ नि भुईला भार', 'आयत्या बिळावर नागोबा', 'आयत्या पिठावर रेघोट्या', 'अन्नछत्रात जेवायचं वर मिरपूड मागायची', 'आयजीच्या जिवावर बायजी उदार'.

हे सगळे शब्द एकाच मापाचे नाहीत. आयतोबात थोडी माया असते. जेवलेलं ताटही न उचलणाऱ्या लेकाला आई तसं म्हणते आणि ताट स्वतःच उचलते. फुकट्या हा छोट्या प्रसंगाचा शब्द. चहाचे पैसे द्यायच्या वेळी ज्याला नेमका फोन येतो तो फुकट्या. ऐतखाऊ म्हटलं की आरोप माणसाच्या अख्ख्या जगण्यावर जातो. भोजनभाऊ पंगतीपुरता दिसतो, मांडव उतरवायला सापडत नाही. आणि आश्रित या शब्दाला दोन तोंडं आहेत. राजाच्या आश्रयाला असलेला कवी आश्रित, आणि काकाच्या घरी राहून शिकणारा पोरका पुतण्याही आश्रित. पहिल्याचा मान, दुसऱ्याची मान खाली.

यादी करता करता एक गोष्ट खटकत गेली. ज्याच्या हातात काही नाही त्याला हे शब्द लगेच चिकटतात: नोकरी गेलेला दीर, अंथरुणाला खिळलेला सासरा, नवऱ्याने टाकल्यामुळे माहेरी परतलेली बहीण. तीन पिढ्या दुसऱ्याने कसलेल्या जमिनीच्या खंडावर जगलेल्या माणसाला मात्र कुणी फुकट्या म्हटलेलं मी ऐकलं नाही. तो इनामदार असतो, वतनदार असतो, गोव्यात भाटकार असतो.

म्हणून विनंती अशी, की आपापल्या भागातला शब्द द्या आणि तो खरोखर कुणाला लावला जातो तेही लिहा. नुसत्या शब्दापेक्षा मला त्यात जास्त रस आहे.

---

कातळसडा

ओसरीताई, चांगला विषय. मी रत्नागिरीकडचा, आमच्या कलमांवर बांडगूळ दर वर्षी काढावं लागतं, म्हणून त्या शब्दाबद्दल सविस्तर लिहितो.

आंब्याच्या फांदीवर मध्येच वेगळ्या पानांचा झुबका दिसतो. पानं जाड, चामड्यासारखी, फुलं नळीसारखी लांबट. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याची फळं खातो. बी चिकट असते, ती चोचीला किंवा शेपटीकडे चिकटून राहते, मग तो फांदीवर अंग घासतो आणि बी तिथेच बसते. ती रुजते ती थेट सालीच्या आत. जोडाच्या जागी फांदीला गाठ येते, आणि त्या गाठीच्या पुढची फांदी हळूहळू वाळत जाते.

नवखा गडी बांडगूळ ओढून काढतो. पुढच्या पावसाळ्यानंतर ते परत तिथेच हजर, कारण फांदीच्या आत घुसलेला भाग राहिलेला असतो. गाठीच्या बऱ्याच खालून, चांगल्या लाकडापासून फांदीच तोडावी लागते, आणि तीही बांडगुळाला फळं धरायच्या आत. धरती फांदी तोडताना जीव तुटतो, पण इलाज नाही.

आता शब्दाकडे येतो. बांडगुळाची पानं हिरवी असतात. म्हणजे ते आपलं अन्न उन्हात स्वतः तयार करतं. झाडाकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. वनस्पतिशास्त्रात त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. पूर्ण दुसऱ्यावर जगणारी ती अमरवेल, पिवळ्या दोऱ्यांसारखी, पान नाही, जमिनीत मूळ नाही. पण तिला आपण नाव दिलं अमरवेल!

आणि चंदन? आयुष्यभर दुसऱ्यासाठी राबलेल्या माणसाला आपण म्हणतो, चंदनासारखा झिजला. चंदनाचं झाडही अर्धपरोपजीवीच आहे. जमिनीखाली त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि तिथून पाणी, पोषण घेतात. चंदनाची लागवड करणारे शेतकरी म्हणून तर सोबत तूर लावतात, पुढे कडुनिंब, सुरू अशी मोठी झाडं ठेवतात. एकटं चंदन नीट वाढत नाही. बांडगूळ डोळ्यासमोर वर दिसतं म्हणून शिवी झालं, चंदनाचा व्यवहार मातीखाली चालतो म्हणून त्याचा टिळा लागला.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे फोकट्या. 'फोकटचं खाते अन् वरून गुरगुरते.' बहुतेक वेळा जावयासाठी. सासऱ्याच्या घरी राहून तुकडे मोडतो असंही म्हणतात.

घरजावयाबद्दल एक सांगतो. गोंड समाजात लमसेना ही जुनी पद्धत आहे. मुलीसाठी द्यायची रक्कम ज्या मुलाकडे नाही, तो होणाऱ्या सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षं शेतात राबतो, मग लग्न. म्हणजे राहतो सासरी, पण खातो स्वतःच्या घामाचं. शब्द लावायच्या आधी एवढं तरी पाहावं माणसानं.

---

जुनी_जंत्री

पाहुण्यांवरची म्हण यादीत हवीच: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.

संस्कृतातले दोन देतो. कोकिळेला परभृत आणि परपुष्ट म्हणतात, कारण तिची पिल्लं कावळ्याच्या घरट्यात वाढतात. अमरकोशात वनप्रिय, परभृत, कोकिल, पिक अशी नावं एका ओळीत आली आहेत, कुठेही तुच्छता नाही. आणि हे सुभाषित: 'परान्नं प्राप्य दुर्बुद्धे मा शरीरे दयां कुरु। परान्नं दुर्लभं लोके शरीराणि पुनः पुनः॥' अरे वेड्या, दुसऱ्याचं अन्न मिळालंय तर शरीराची दयामाया करू नकोस. परान्न दुर्मिळ, शरीरं काय पुन्हा पुन्हा मिळतात.

---

खोली_नंबर_नाही

पुण्यातल्या वसतिगृहांत एक शब्द रोजच्या वापरात आहे: पॅरासाइट. लाडात नुसतं पॅरा. ज्याच्या नावावर खोली नाही, पण जो मित्राच्या खोलीत खाली गादी टाकून राहतो तो. मी स्वतः स्पर्धा परीक्षेच्या काळात पॅरा होतो.

बाहेरच्याला हा शब्द अपमान वाटेल. आतमध्ये तो नुसता पत्ता आहे. "तो कुठं असतो? अमक्याकडं पॅरा आहे." मेसचा एक डबा दोघांत. चार पोळ्यांच्या दोन-दोन, भाजी झाकणात काढून घ्यायची, भात ज्याचा पेपर जवळ त्याला जास्त. तपासणीची कुणकुण लागली की गादी गुंडाळून अभ्यासिकेत जायचं. बदल्यात मी पाण्याच्या बाटल्या भरून आणायचो, झेरॉक्सच्या रांगेत उभा राहायचो, मित्राला इतिहास शिकवायचो, कारण तो माझा पक्का होता.

धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), बीड, नांदेड, यवतमाळकडून आलेल्या किती पोरांची पहिली दोन वर्षं अशी गेलीत, त्यांना विचारा. ज्याच्याकडे पॅरा राहिलो त्याच्या घरच्या लग्नकार्यात मी आज घरच्यासारखा राबतो. आमच्यात 'उपकार' हा शब्द कधी निघाला नाही. त्यामुळे पेपरात कुणा गरिबाला परजीवी म्हटलेलं वाचलं की मला तो शब्द ओळखीचा वाटत नाही, फार थंड वाटतो.

---

मोडी_दप्तर

बाजारबुणगे राहिले यादीत. आज आपण हा शब्द निरुपयोगी, आयत्यावर जगणाऱ्या गर्दीसाठी वापरतो. मराठ्यांच्या कागदपत्रांत बुणगे म्हणजे फौजेबरोबरचं सामानसुमान आणि न लढणारी माणसं. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्याचं एक कारण म्हणून हे बुणगे कायम सांगितले जातात: बायकामुलं, यात्रेकरू, व्यापारी, नोकरचाकर. लढणारे थोडे, खाणारे फार, आणि छावणी कोंडली गेल्यावर दाणा संपला.

दाणा संपला हे खरंच आहे, त्या उपासमारीने फौजेला शेवटी बाहेर पडायला लावलं. यात्रेकरूंना सोबत न्यायला नको होतं हेही मी मान्य करतो. पण बुणग्यांत कोण कोण होतं ते बघा. घोड्याला नाल ठोकणारा, खोगीर शिवणारा, बैलांवरून धान्य आणणारा, तंबू ठोकणारा, पखालीतून पाणी वाहणारा, घोड्यांसाठी गवत कापून आणणारा. हे नसते तर फौज नर्मदा ओलांडून पुढे गेलीच नसती. तलवार ज्याच्या हातात त्याचं नाव बखरीत आलं, आणि त्याच्या घोड्याचं पोट भरणारा बुणगा ठरला. अडीचशे वर्षं आपण तो शब्द तसाच शिवीसारखा वापरतोय. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

---

नीराकाठ

सगळ्यांचं वाचलं. पण मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

तुम्ही सगळे या शब्दांच्या तावडीतून माणसं सोडवताय. काही माणसांना ते शब्द लागलेच पाहिजेत. आमच्या नात्यात एक धडधाकट गृहस्थ आहेत. वय चाळिशीच्या पुढे. आईला विधवा म्हणून निवृत्तिवेतन मिळतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे तिला गाडीवर बसवून बँकेत नेतात, अंगठा झाला की पैसे आपल्या खिशात. तिच्या गोळ्यांना पैसे मागितले की आवाज चढतो. बायको दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते, तिची मजुरीही यांच्याच हातात. दिवसभर पारावर बसून गावाचं राजकारण. त्यांना मी काय म्हणू? परावलंबी? ऐतखाऊच म्हणणार, आणि तोंडावर म्हणणार. गावात तेवढं एकच हत्यार आहे बायकांकडे. कायदा, पोलीस कोसावर. नाव ठेवलं की निदान पोरांना कळतं की हे असं वागणं वाईट असतं.

---

ओसरी

नीराकाठताई, राग कसला, तुमचं बरोबर आहे. हे शब्द मोडीत काढा असं माझं म्हणणं नाहीच. तुम्ही सांगितलेला माणूस सशक्त आहे, दुसऱ्याच्या पैशावर त्याचा ताबा आहे आणि जिच्या जिवावर जगतो तिच्यावरच तो डाफरतो. ऐतखाऊ या शब्दाची खरी जागा तीच. माझी तक्रार अशी, की त्याच गावात त्या गृहस्थाला लोक 'पाटील' म्हणून रामराम करत असतील आणि त्याच्या आईला म्हणत असतील, म्हातारी बसून खाते.

---

कलम_पोटकलम

'बसून खाते' यावरून आठवलं, म्हणून कायद्याची बाजू लिहिते.

जनगणनेत काम करणारे आणि काम न करणारे असे रकाने असतात. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका दुसऱ्या रकान्यात गेल्या, भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या सोबत. पुढे मोटार अपघाताच्या एका दाव्यात प्रश्न असा आला की गृहिणी गेली तर तिची भरपाई कशी मोजायची. तो दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१० च्या निकालात न्यायालयाने जनगणनेच्या या वर्गवारीवर कडक शब्दांत टीका केली. स्वयंपाक, धुणीभांडी, पोरं, म्हातारी माणसं, जळण, पाणी, गुरं हे सगळं करणारी बाई उत्पादक काम करत नाही असं धरणं म्हणजे असंवेदनशीलपणा आहे, असं त्या निकालाचं म्हणणं.

सरकारी भाषेत शिवी नसते. तिथे 'अवलंबित', 'बिगरकामकरी' असे शब्द असतात, इस्त्री केलेले. पण घरात नवरा 'तू काय करतेस दिवसभर?' विचारतो त्याच्या पाठीशी तोच रकाना उभा असतो. मी कौटुंबिक न्यायालयात पोटगीची प्रकरणं पाहते. वीस-बावीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या अर्जाला उत्तर देताना 'अर्जदार ही आयते खाण्यास सोकावलेली आहे' अशी वाक्यं लेखी येतात. टंकलेखकाने ती बिनचूक उतरवलेली असतात. वाचताना हात थरथरतो.

---

पालावरचा

आता जी बाजू मला सगळ्यात जवळची आहे ती. भिक्षा.

मराठीत मागून खाण्याला एक शब्द नाही, अनेक आहेत आणि त्यांचे दर्जे वेगळे आहेत. माधुकरी मागणारा विद्यार्थी. वार लावून जेवणारा, म्हणजे सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. अशा जेवणावर शिकून पुढे मोठी झालेली माणसं पुण्यात घराघरांत सापडतील, आणि ते अभिमानाने सांगितलं जातं. जोगवा. पसा, कोरान्न, शेर. भिक्षुकी. मग भिक्षेकरी. आणि शेवटी भिकारी. हातात पडतं ते तेच मूठभर पीठ. दर्जा ठरतो तो कोणी मागितलं यावरून.

संतांचंही एकमत नाही. समर्थ दासबोधात म्हणतात, 'ब्राह्मणाची मुख्य दीक्षा । मागितली पाहिजे भिक्षा'. तुकोबा म्हणतात, 'भिक्षापात्र अवलंबणें । जळो जिणें लाजिरवाणें'. दोन्ही ओळी आपण पाठ केल्यात.

वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, नंदीबैलवाले, पोतराज, डवरी गोसावी यांचं मागणं हे गावगाड्यात हक्काचं होतं. पहाटे गाणं म्हणायचं, देवाचं नाव घ्यायचं, करमणूक करायची, आणि सुगीला धान्य घ्यायचं. देणारा त्याला दान म्हणत असेल, घेणारा मोबदला म्हणायचा. १९५९ साली मुंबई राज्याचा भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे घेणंही धरलंय. पहिल्यांदा दोषी ठरला तरी किमान एक वर्ष भिक्षेकरी गृहात. हाच कायदा पुढे इतर ठिकाणीही लागू झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली बरीचशी कलमं घटनाबाह्य ठरवली.

त्याच वर्षी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागायला निघालेले. पूर्वी ज्या माणसाला दारात पाहून बाई सूप घेऊन बाहेर यायची, त्याला ओळखणारंच तिथे कुणी नव्हतं. त्यांच्या अंगावरचा वेष आणि तोंडातलं गाणं म्हणजे त्यांची ओळख होती. ती ओळख गावं विसरली आणि 'फिरस्ते', 'उपटसुंभ' एवढेच शब्द उरले. ओसरीताई, तुमच्या यादीत हे दोन घाला आणि पुढे लिहा की या शब्दांनी माणसं मेलीत.

---

दर्यापार

पालावरचा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

शब्दाचा कायदा झाला की काय होतं याचं एक बाहेरचं उदाहरण देतो. सोव्हिएत रशियात १९६१ मध्ये असाच कायदा होता, कामचुकार परोपजीवींविरुद्ध. १९६४ मध्ये लेनिनग्राडमध्ये त्याखाली जोसेफ ब्रॉड्स्की या तरुण कवीवर खटला चालला. तो कविता लिहीत होता, अनुवाद करत होता, पण सरकारी यादीतला कवी नव्हता, म्हणून परोपजीवी. शिक्षा पाच वर्षं, उत्तरेकडे अर्खांगेल्स्क भागात सक्तमजुरी. जगभरातून दबाव आल्यावर १९६५ मध्ये सोडलं. १९८७ मध्ये त्यालाच साहित्याचं नोबेल मिळालं.

मी आखातात नोकरी करतो, म्हणून अरबीतला शब्दही सांगून ठेवतो: तुफैली. कूफा शहरातल्या तुफैल नावाच्या माणसावरून आला असं मानतात. बोलावणं नसताना लग्नाच्या जेवणावळीला जायची त्याची ख्याती होती. आज अरबीत जंतांना आणि गोचिडांनाही तोच शब्द आहे.

---

बाजरीचं_कणीस

फुकट्यांबद्दल शहरात बोलणं निघालं की गाडी शेतकऱ्यांवर येते, कर्जमाफी, अनुदान. एकच सांगते. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे हजारोंनी माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. मागणी होती कामाची. सुकडी मिळायची ती दुष्काळी कामावर, दिवसभर हातोडा चालवून. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा. माझ्या आजीच्या बोटांवर खडीच्या कपऱ्यांचे वण शेवटपर्यंत होते. ज्यांनी भुकेने मरायची वेळ आली तरी आधी काम मागितलं, त्यांच्या नातवंडांना फुकट्या म्हणताना जीभ अडखळायला हवी.

---

कातळसडा

ओसरीताई, तुम्ही वर म्हणालात की खंडावर जगणाऱ्याला कुणी फुकट्या म्हणत नाही. म्हणत होते, आणि आमच्याच मुलखात म्हणायला सुरुवात झाली. फक्त ते म्हणायला लोकांना संघटना लागली.

कोकणात खोत सरकारचा सारा गोळा करायचा आणि कुळांकडून त्याहून कितीतरी जास्त घ्यायचा. पीक कुळाचं, वाटा खोताचा, वर वेठ वेगळी. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये ठरवलं की खोतांची जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटील पुढे होते. जमिनी पडीक राहिल्या, कुळांनी मिळेल ते काम करून दिवस काढले, पण सहा वर्षं, १९३९ पर्यंत, नांगर घातला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

त्याच्याही आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या घामावर कोण कोण जगतं याचा हिशेब मांडला होता. सत्यशोधकांच्या जलशांमधून 'शेटजी-भटजी' हा जोडशब्द खेड्यापाड्यांत गेला तो याच अर्थाने. म्हणजे वरच्यांसाठीचे शब्द मराठीत आहेत. ते ओसरीवर तयार झाले नाहीत, मोर्च्यात आणि जलशात झाले. यादीत त्यांचा वेगळा भाग करा, मी आणखी पाठवतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना खोताबद्दलच्या ओव्या येतात, गणपतीत गावी गेलो की लिहून घेतो.